आईचं माहेरचं आडनाव

नागसेननं आवाज खाली घेतला, घडलं ते एवढंच. बाकी त्या वर्षीची बुद्ध पौर्णिमेची दुपार असायला हवी तशीच होती. खिरीचं पातेलं पंख्याखाली निवत होतं, आक्काताईचा नवरा कृष्णात तोंडावर पेपर पसरून त्यातल्या बातम्या आपोआप डोक्यात झिरपतील या भरवशावर घोरत होता, आणि खाली कसबा बावड्याच्या रस्त्यानं एकजण गारीगार विकत चालला होता. पुण्याहून आलेल्या लेकाच्या खिशातला मोबाईल वाजला आणि तो उठून गॅलरीत गेला. आक्काताई ओट्याशी वेलदोडे कुटत होती. ती मुद्दाम ऐकत नव्हती; पण टेलिफोन खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईचे कान घरी आल्यावर खुंटीला अडकवता येत नाहीत. नागसेन इंग्रजीत बोलत होता. आपलं नाव त्यानं खणखणीत सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगताना तर शेजारच्या गॅलरीतला कुत्रा भुंकला. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नागसेन थांबला. त्यानं एकदा घरात वळून बघितलं, मग वाळत घातलेल्या चादरीकडे तोंड केलं, तोंडावर हाताचा आडोसा धरला आणि म्हणाला, ‘‘कांबळे.’’ पलीकडे ऐकू गेलं नसावं. तो आणखी थोडा चादरीत शिरला आणि पुन्हा म्हणाला, ‘‘कांबळे.’’ घरात दुखणाईत असलं की माणूस डॉक्टरला दाराबाहेर नेऊन विचारतो, तसा तो आवाज होता.

‘‘कुणाचा रं फोन?’’ तो आत आल्यावर आक्काताईनं विचारलं.

‘‘बँकेचा. क्रेडिट कार्डाचं काम होतं.’’

‘‘आणि माझं आडनाव कशाला पायजे त्यास्नी?’’

‘‘तुझं नव्हे गं. म्हणजे तुझंच. आईचं माहेरचं आडनाव विचारतात. सिक्युरिटी असती. दुसऱ्या कुणाला माहीत नसावं म्हणून. गुप्त.’’ आणि त्यानं खिरीची वाटी पुढं ओढली.

खीर चांगली झाली होती असं सगळे म्हणाले. आक्काताईला ती कशी लागली हे तिला रात्रीपर्यंत आठवेना. आवाज ही तिची भाकरी होती. चौऱ्याहत्तर साली ती कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसली, डोक्यावर हेडफोनची पट्टी चढवली आणि तिच्या लक्षात आलं की तारेत शिरताना माणूस बाकी सगळं बाहेर काढून ठेवतो, चपला काढतात तसं. रंग राहत नाही, लुगडं राहत नाही, गाव राहत नाही. उरतो नुसता आवाज. म्हणून तिनं आवाज घडवला. घरी ‘न्हाय’ म्हणणारी आक्काताई बोर्डावर ‘नाही’ म्हणू लागली, तेही असं की पलीकडच्या माणसाला नकार ऐकून बरं वाटावं. ‘‘नमस्कार, कोल्हापूर. आपल्याला सांगलीची लाईन देते.’’ कुठल्या मराठीच्या बाईंनी घरी बसवून शिकवलं असेल, असं लोकांना वाटायचं. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी गणपतराव तर त्या आवाजावर इतके खूश झाले की एका दसऱ्याला पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः एक्स्चेंजवर आले. ‘‘त्या गोड बोलणाऱ्या बाई कुठं हायत? आमच्या मंडळींनी निरोप दिलाय, संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवा म्हणून.’’ आक्काताई उठून पुढं आली. गणपतरावांनी प्रेमानं विचारलं, ‘‘पूर्ण नाव काय म्हणायचं आपलं?’’ तिनं पूर्ण नाव सांगितलं. ‘‘असं, असं,’’ गणपतराव म्हणाले, आणि त्यांनी तो पुडा टेबलाच्या मधोमध ठेवला. ‘‘सगळ्यांनी घ्या बरं का.’’ काही वाईट बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणं मुंबईचा कॉल लावला, नेहमीप्रमाणं आभार मानले. आवाज फक्त एक पायरी खाली उतरला होता. संक्रांत आली आणि गेली. पेढे सातारी होते. तिनं दोन खाल्ले होते, हक्कानं.

तर ती पायरी तिच्या कानाला पाठ होती. भाड्याची खोली बघायला गेल्यावर मालकीणबाई जिना दाखवायच्या, मोरी दाखवायच्या, पाण्याची वेळ सांगायच्या, आणि मग सहज, अगदी जाता जाता, ‘‘आडनाव काय म्हणालात?’’ त्यानंतर कोणीतरी आतून हाक मारायचं, नाहीतर भाच्याला नोकरी लागून तो त्याच आठवड्यात राहायला यायचा. कोल्हापुरात इतके भाचे नोकरीला लागले, पण ती भरती कुठं चालली होती हे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्यात आवाज खाली घेणारा नेहमी समोरचा असायचा. आज तो तिच्या पोटचा होता. बरं, त्याच्यावर रागवावं तर कशासाठी? नागसेनलाही पुण्यात भाचे भेटले होते. म्हणून त्यानं गॅझेटात छापून आडनाव बदललं, बापाच्या गावावरून राधानगरीकर झाला, आणि पहिल्याच महिन्यात त्याला गॅलरीसकट खोली मिळाली. त्या वेळी आक्काताईनं पेढे वाटले होते. रात्री गादीवर पडल्या पडल्या तिला वाटलं, पोरानं गॅझेटात बदललं, मी गळ्यात बदललं. फरक एवढाच, की त्याला सही शिक्का मिळाला. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. ती कुशीवर वळली आणि झोपलेल्या नवऱ्याला म्हणाली, ‘‘मला बी एक कार्ड पायजे.’’

‘‘आं?’’ कृष्णात म्हणाला.

‘‘क्रेडिट कार्ड. माझ्या नावावर.’’

‘‘रोख असताना उधारी कशाला?’’ असं विचारून उत्तराची वाट न बघता तो परत झोपला. पाटबंधारे खात्यातून तो नुकताच रिटायर झाला होता. प्रश्न विचारायचा आणि फाईल खाली ठेवायची, ही सवय त्याला अजून होती.

कार्ड मिळवणं अवघड नव्हतं. उलट त्या दिवसांत कार्डंच माणसांच्या मागे लागली होती. एक्स्चेंजच्या कँटीनमध्ये मनाली इंगवले नावाची एक मुलगी रोज दुपारी यायची. गळ्यात मुंबईच्या एका खासगी बँकेचा पट्टा, काखेत हेल्मेट आणि पिशवीत रंगीत पुस्तिका. सगळ्या बायका तिला चहा पाजायच्या आणि अर्ज मात्र उद्यावर ढकलायच्या. आक्काताई आपणहून तिच्यासमोर जाऊन बसली तेव्हा मनालीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

‘‘मावशी, खरंच घेताय?’’

‘‘दाखव की. कसली कसली हायत?’’

मनालीनं टेबलावर पत्ते मांडावेत तशी चित्रं मांडली. चंदेरी, सोनेरी, आणि तिसरं निळं, त्यावर आपला फोटो छापून मिळायचा. सोनेरी कार्डाला विमानतळावर फुकट बसायला मिळत होतं. कोल्हापूरच्या विमानतळावर त्या काळात गवताशिवाय कुणी बसत नव्हतं, म्हणून ते बाद झालं. चंदेरीला पहिल्या वर्षी फी नव्हती. ‘‘फोटोवालं घ्या मावशी, चोरीला गेलं तरी दुसऱ्याला वापरता येत न्हाई,’’ मनाली म्हणाली. आक्काताईनं विचार केला. तोंड बघून लोकांना काही कळत नाही, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता. कळतं ते नावावरूनच. ‘‘नाव छापत्यात न्हवं सगळ्यांवर?’’ ‘‘छापत न्हाईत, उठवतात. हात फिरवला की बोटाला लागतं बघा.’’ ‘‘मग चंदेरी दे. नाव मोठं असलं म्हंजे झालं.’’

मनाली अर्ज भरू लागली. मुलगी हुशार होती. प्रश्न विचारता विचारता उत्तर लिहून टाकायची. वय, नोकरी, पगाराची पावती, स्वतःचं घर, सगळ्याला बरोबरची खूण. कार्डावर जसं हवं तसं नाव लिहायला चौकटी होत्या, एका चौकटीत एक अक्षर. तिथं मनाली थांबली. ‘‘मधलं नाव मिस्टरांचं घालू?’’ आक्काताईला गंमत वाटली. जसं हवं तसं, असं तिला आजवर कुठल्याही कागदानं विचारलं नव्हतं. ‘‘मधलं नको. त्येंचं नाव त्येंच्या पेन्शनवर हाय. आक्काताई कांबळे, बास.’’ मग आली ती ओळ. ‘‘आईचं माहेरचं आडनाव?’’

‘‘कांबळे.’’

‘‘न्हाई मावशी, तुमचं न्हवं. आईचं.’’

‘‘व्हय, आईचंच सांगते.’’

‘‘म्हंजे आईचं लग्नाआधीचं.’’

‘‘लग्नाआधीचं बी तेच.’’

मनालीनं पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं. इंगवल्यांच्या घरात माहेरच्या नावानं आजी भोसले, मामी माने, काकी चव्हाण, सगळी आडनावं ताटातल्या वाट्यांसारखी निरनिराळी. आमटीच्या वाटीतही आमटी आणि कोशिंबिरीच्या वाटीतही आमटी असं ताट तिनं बघितलं नव्हतं. आक्काताईला मात्र आई आठवत होती. बयाबाई कुरुंदवाडची. तिच्या माहेरी माणसं आडनावानं ओळखायची पद्धतच नव्हती. गावाला त्यांची जात पुरत होती. आडनावं आली ती पोरं शाळेत गेली तेव्हा, मास्तरनं हजेरीपटावर घातली म्हणून. छप्पन सालानंतर आबानं, म्हणजे आक्काताईच्या बापानं, घरातले देव पंचगंगेत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, पोरांना वेळेवर शाळेत घातलं. पण आडनाव तेवढं राहू दिलं. आक्काताईनं मॅट्रिकच्या वर्षी आईला विचारलं होतं, ‘‘आई, लग्नाआधी तुझं आडनाव काय गं?’’ बयाबाई जोंधळं पाखडत होती. ‘‘कांबळेच की. दुसरं काय आसतंय?’’ ‘‘आणि लग्नानंतर?’’ ‘‘कांबळेच. लोक म्हंत्यात लगनात बाईचं समदं बदलतंय. माजं गाव बदललं, चूल बदलली, सासू नवी मिळाली. नाव तेवढं हाय तसं ऱ्हायलं बघ. तेवढंच म्हायेर बरोबर आलं.’’ आणि तिनं सूप असं झटकलं की फोलपट उडून आक्काताईच्या वेणीत बसलं. आक्काताईच्या स्वतःच्या लग्नातही तेच. नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं दोन्हीकडची नावं वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, ‘‘नात्यात हाय काय तुमी?’’ कृष्णात तेव्हा तरणाबांड होता. तो म्हणाला, ‘‘अजून न्हाय. तुमी सही केल्यावर होणार.’’ त्या एका वाक्यावर आक्काताईनं त्याचं पुढचं घोरणं माफ केलं होतं.

पंधरवड्यानं अर्ज परत आला. त्या ओळीभोवती कुणीतरी लाल गोल केला होता. मनालीचं तोंड त्या गोलाएवढं झालं होतं. ‘‘मावशी, कॉम्प्युटर घेत न्हाई. अर्जदाराचं आणि आईचं सेम चालत न्हाई म्हणतोय.’’

‘‘खरं असलं तरी?’’

‘‘खऱ्याखोट्याचा संबंधच न्हाई हो. ते तपासतंय कोण? काहीबी लिहिलं तरी चालतंय, लक्षात ठेवलं म्हंजे झालं. पासवर्डच तो.’’ मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. मायेनं घेतला, पण घेतला. ‘‘मी काय म्हणते मावशी, माझ्या आईचं लिहा. घोरपडे. मी कुणालाबी सांगत न्हाई.’’

आक्काताईला हसू आलं आणि भरूनही आलं, आणि या दोहोंपैकी काहीच तिनं दिसू दिलं नाही. ‘‘तुझ्या आईला विचारलंस काय?’’

‘‘तिला कशाला विचारायचं?’’

‘‘मग माझ्या आईला तरी कसं न विचारता द्यायचं? तसंच पाठव परत.’’

‘‘परत येणार हो ते!’’

‘‘येऊ दे. वाटखर्च बँकेचा हाय.’’

तसाच गेला आणि तसाच परत आला. या वेळी लाल गोल दोनदा गिरवला होता. मनाली आता कँटीनमध्ये लांबच्या टेबलावर बसू लागली. आक्काताई १९७ वर, म्हणजे नंबर विचारण्याच्या टेबलावर बसायची. ट्रंक बोर्ड गंजून गेल्यावर खात्यानं तिला तिथं बसवलं होतं. दुपारी फोन कमी झाले की समोर डिरेक्टरी उघडी असायची, आणि एका दुपारी ती भलतंच करून बसली. डिरेक्टरीतली आडनावं एकेक करून तिनं आईला घालून बघायला सुरुवात केली. बयाबाई निंबाळकर. दुकानातली पैठणी अंगावर टाकून आरशात बघावं तसं. वाईट दिसत नव्हतं. बयाबाई देसाई. हे तर फारच हलकं, अंगावर असल्याचं कळतही नव्हतं. बयाबाई घोरपडे. कोण बघणार होतं? मुंबईतल्या कुठल्याशा कॉम्प्युटरच्या पेटीत ते नाव पडून राहील, वर्षातून एकदा कुणीतरी विचारील, आपण सांगू, दार उघडेल. माणसं याहून मोठ्या गोष्टी याहून कमी भावात देऊन टाकतात. आणि एकदा ते नाव तोंडात बसलं की आवाज खाली घ्यायचीही गरज नाही, चारचौघांत खुशाल सांगावं. खरं सांगायचं तर कुजबुजावं लागतं आणि खोटं सांगायचं तर नरडं मोकळं सुटतं, ही कसली सिक्युरिटी? इतक्यात डोळ्यांसमोरच्या बयाबाईनं सूप खाली ठेवलं. अंगावरची ती सगळी उसनी नावं काढून तिनं नीट घड्या घातल्या, परत दिल्या आणि म्हणाली, ‘‘ज्येची त्येला दे. मला उकडतंय.’’ फोन वाजला. पलीकडून एक बाप्या म्हणाला, ‘‘बाई, कांबळ्यांचा नंबर द्या.’’ ‘‘कुठल्या कांबळ्यांचा? पानंच्या पानं आहेत,’’ आक्काताई म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की ‘आहेत’ म्हणायचं होतं तिथं घशात ‘हायत’ येऊन उभं राहिलं होतं. आजवर ते कधी बोर्डापर्यंत आलं नव्हतं.

त्या रविवारी नागसेनचा फोन आला. बापानं त्याला सांगितलं असणार. ‘‘आई, कशाला वाद घालतीयस? मी माझ्या कार्डावर तुला ॲड-ऑन काढून देतो. तुझं नाव असेल, बिल माझ्याकडं.’’

‘‘मला तुझ्या कार्डाची शेपटी नको.’’

‘‘अगं, नुसता पासवर्ड असतोय तो. कुणाला कळू द्यायचं नसतं, एवढंच.’’

‘‘तेच म्हंते मी. कुणाला कळू द्यायचं न्हाय म्हणून समदं चाललंय.’’ चादरीचं सांगावं की नको? तिनं नाही सांगितलं. ‘‘जेवलास का?’’ तिनं विचारलं. तो जेवला होता. कोल्हापूर आणि पुण्याच्या मधे ते अख्खं वाक्य न बोलता पडून राहिलं आणि त्याचं बिल मात्र दोघांनाही आलं.

सोमवारी तिनं मनालीला लांबच्या टेबलावरून उठवून आणलं आणि लाल गोल काढणाऱ्या माणसाचा नंबर मागितला. मनालीनं हातापाया पडून बघितलं, मग दिला. आक्काताईनं मुंबई लावली. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत करत करत एक साहेब मिळाले, नाव सांगितलं नाही पण मराठी होते. ‘‘नमस्कार, कोल्हापूरहून बोलते आहे,’’ आक्काताईनं सुरुवात केली, आणि तो जुना मधाळ आवाज आपसूक निघाला. साहेब लगेच अदबीनं बोलू लागले. अदब ऐकून आक्काताईला गणपतरावांचे पेढे आठवले.

‘‘मॅडम, आपला काहीतरी गैरसमज झालाय. आपण आपलंच आडनाव दोनदा लिहिलंय.’’

‘‘दोनदा नाही. नवऱ्याचंही तेच आहे. आजीचं विचारलं असतं तर तेही तेच लिहिलं असतं.’’

‘‘असं कसं शक्य आहे?’’ साहेब म्हणाले. मग त्यांना कळलं. कळल्याचं तिला ऐकू आलं. ती पायरी आली, ठरलेल्या जागी. ‘‘अच्छा. हं. समजलं. मग आपण असं करू, मॅडम, आपल्याला अडचण नको म्हणून दुसरं काहीतरी...’’

आणि तिथं आक्काताईचा आवाज तिच्या हातून सुटला. सुटला म्हणण्यापेक्षा तिनं सोडला. हेडफोनची पट्टी डोक्यावरून काढावी तसं हलकं वाटलं. ‘‘अडचण मला न्हाय, सायेब, तुमच्या कॉम्प्युटरला हाय,’’ ती बावड्याच्या मराठीत म्हणाली, आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकांनी माना वळवल्या. ‘‘मला माझ्या आईचं नाव ठावं हाय. त्येला ठावं न्हाय. मग शिकणार कोण?’’

‘‘अहो मॅडम, सुरक्षेचा प्रश्न आहे. असं आडनाव चोर सहज ओळखेल.’’

‘‘कसं ओळखंल? चोर माझं कार्ड उचलणार. त्येच्यावर नाव कांबळे. तुमी त्येला विचारणार, आईचं आडनाव सांग. त्यो डोकं खाजवणार, पाटील म्हणंल, माने म्हणंल, गावातली समदी आडनावं म्हणून दमंल. तेच एक म्हणणार न्हाय. तुमच्यासारखा शिकला-सवरला माणूस कबूल करंना, तर चोराला कुठनं सुचणार? ह्येच्याइतकं गुप्त दुसरं काय हाय, तुमीच सांगा.’’

साहेब विचार करत होते की जेवायला चालले होते हे सांगणं कठीण. डब्याचं झाकण वाजल्यासारखं झालं. ‘‘आणि कांबळे म्हंजे एकच घर हाय असं समजू नका,’’ आक्काताई पुढं म्हणाली. ‘‘आमच्या डिरेक्टरीत पानंच्या पानं हायत. त्या समद्यांच्या आया तुमच्या दारात उभ्या ऱ्हाणार हायत. आजच एक खुर्ची टाका.’’

‘‘सुपरवायझरची मंजुरी लागते,’’ साहेब शेवटी म्हणाले. ‘‘टाकतो मी.’’ यात त्यांचं हृदयपरिवर्तन झालं होतं असं समजायचं कारण नाही. अर्जावर गोल काढण्यापेक्षा मंजुरी टाकणं कमी वेळेचं होतं, आणि जेवण निवत होतं. जगातले बरेच न्याय अशाच वेळी मिळतात. आक्काताईनं फोन ठेवला. मनाली तोंडावर हात धरून उभी होती. १९७ चा दिवा लुकलुकत होता. ‘‘बोला, काय नंबर पायजे?’’ आक्काताईनं त्याच आवाजात विचारलं, आणि पलीकडचा माणूस जराही न चमकता म्हणाला, ‘‘ताई, वारणेच्या डेअरीचा द्या की.’’ एवढ्यानं काहीच कोसळलं नाही. इतकी वर्षं आपण कशाला टेकू देऊन उभ्या होतो, असं तिला वाटून गेलं.

कार्ड पावसाळ्याच्या अखेरीला आलं. कृष्णातनं ते उन्हात धरून बघितलं, दातानं चावून बघायचा मोह आवरला आणि म्हणाला, ‘‘नाव झ्याक उठलंय.’’ आक्काताईनं डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. हातगाडीच्या खडखडाटासारखी अक्षरं अंगठ्याखालून गेली. नागसेनला तिनं सांगितलं तेव्हा तो ‘‘भारीच की!’’ म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, ‘‘तेच लिहिलंस?’’ ‘‘तेच.’’ ‘‘बरं केलंस,’’ तो म्हणाला. आवाज वर नव्हता, खालीही नव्हता. तेवढ्यावर तिनं भागवून घेतलं.

काय घ्यायचं हे तिचं ठरलेलं होतं. खात्यानं तिला आयुष्यभर वेताची खुर्ची दिली. वेत तुटून पडलेल्या भोकावर घरून उशी नेऊन तिनं ती निभावली. आणि आई तर दुकानाच्या पायरीखाली उभी राहूनच बाजार करायची, कापड वरून यायचं, पैसे खालून जायचे. लक्ष्मीपुरीत हंबीररावांच्या फर्निचरच्या दुकानात काचेच्या आत एक गिरकी घेणारी, उंच पाठीची, काळी खुर्ची होती. आक्काताई शनिवारी संध्याकाळी गेली, म्हणजे मुद्दाम गर्दीच्या वेळी. मनालीलाही घेऊन गेली. खुर्ची दाखवा म्हणायच्या आधीच ती त्यात बसली. गादीनं मोठा सुस्कारा टाकला.

हंबीररावांनी कार्ड उलटसुलट करून मशिनीत सरकवलं. मशीन थोडा वेळ गुरगुरलं आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. ‘‘बँकेला फोन करा म्हणतंय,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्यांदा वापरलं की करतंय असं कधी कधी.’’ त्यांनी नंबर फिरवला, कार्डावरचे आकडे वाचले, आणि फोनची दोरी ताणून रिसीव्हर काउंटरवरून खुर्चीकडे दिला. ‘‘तुमच्याशी बोलायचंय.’’

दुकानात एक नवं जोडपं पलंग दाबून बघत होतं. एक म्हातारे गृहस्थ देव्हाऱ्यांच्या किमती विचारत होते. दोन बायका आरशासमोर होत्या. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. कुणीतरी घरी बसवून शिकवलेला आवाज होता. मग ती म्हणाली, ‘‘अँड मॅडम, आईचं माहेरचं आडनाव?’’

आक्काताईनं श्वास घेतला. हंबीरराव अनुभवी होते. तो प्रश्न त्यांना माहीत होता. ते काउंटरवरून वाकले आणि भल्या मनानं म्हणाले, ‘‘मावशी, हळू सांगा. गिऱ्हाईक हायत. गुपित असतंय ते.’’

आक्काताईनं त्यांच्याकडं बघितलं, मग सगळ्या दुकानाकडं. खुर्ची तिनं पायानं ढकलून आरशाकडून पलंगाकडं, पलंगाकडून रस्त्याकडं अशी पुरी फिरवली, आणि रस्त्याच्या बाजूला तोंड आल्यावर, सांगलीची लाईन खराब असताना ओरडायची तशी, पण स्वतःच्या गळ्यातून, ती म्हणाली, ‘‘कांबळे!’’

पलंगावरचा नवरा दचकून उठला. देव्हाऱ्यातली घंटा कुणाचा तरी हात लागून वाजली. रिसीव्हरमधल्या मुलीनं बहुधा कान चोळला. ‘‘थँक यू मॅडम. बरोबर आहे,’’ ती म्हणाली. मशिनीतून कागदाची पट्टी कुरकुरत बाहेर आली. आक्काताईनं त्यावर सही केली, ताठ, एकही अक्षर न गाळता. मनाली खिडकीच्या काचेत बघून हसत होती.

हंबीररावांनी बिलबुक ओढलं. ते चांगले गृहस्थ होते, गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखं होऊ नये याची काळजी घेणारे. पेन उघडून ते आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘‘बिलावर नुसतं ‘आक्काताई’ लिहितो. तेवढं पुरं हाय.’’

‘‘न्हाय,’’ आक्काताई खुर्चीतून न उठता म्हणाली. ‘‘पुरं लिवा. जागा हाय की बिलावर. का परत सांगू?’’